डिस्क बदलूनही ब्रेक पुन्हा थरथरतो: झीज कशी मोजावी आणि डिस्क केव्हा बदलावी

ताशी ऐंशी-शंभर किलोमीटरच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरते, पेडल पायाखाली हलके खाली-वर होते आणि वेग उतरला की सारे शांत होते. गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकली आहे’ असे निदान होते, पुढच्या दोन्ही डिस्क बदलल्या जातात किंवा लेथवर घासून परत बसवल्या जातात आणि गाडी काही हजार किलोमीटर व्यवस्थित थांबते. त्यानंतर तीच थरथर पुन्हा सुरू होते. या फेऱ्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा दोष डिस्कच्या लोखंडात नसून डिस्क ज्यावर बसते त्या हबमध्ये, चाकाच्या नटांमध्ये किंवा डिस्कला दोन्ही बाजूंनी घासणारे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये असतो, आणि तो दोष जागेवरच राहिल्यामुळे नवी डिस्कही जुनीच्याच वाटेने जाते. म्हणून डिस्क बदलण्याआधी ती मोजली पाहिजे, आणि मोजल्यावर ती मर्यादेखाली गेलेली आढळली तर मात्र बदलण्यात जराही दिरंगाई करू नये. या दोन्ही गोष्टी कशा करायच्या, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

थरथर डिस्कचीच आहे का

पहिली खूण अशी की डिस्कची थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते. पाय ब्रेकवर नसतानाही ठरावीक वेगाला स्टिअरिंग हलत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग, टायरचा आकार किंवा रिमचा मार आधी तपासावा. ब्रेक जोरात दाबल्यावर, विशेषतः ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर, पेडल वेगाने धडधडत असेल तर ते एबीएसचे (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) नेहमीचे काम असू शकते. एबीएसची धडधड हलक्या ब्रेकला येत नाही, तर डिस्कची थरथर हलक्या आणि मध्यम ब्रेकलाच सर्वांत स्पष्ट कळते. कंप स्टिअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या डिस्कवर घ्यावा. सीटखाली किंवा नुसत्या पेडलमध्ये जाणवत असेल तर मागची डिस्क किंवा मागचे ड्रम पाहावेत.

थरथर एका विशिष्ट वेगालाच का येते, हे समजून घेतले तर निदानात फार मदत होते. सर्वसाधारण छोट्या-मध्यम गाडीच्या टायरचा परीघ १.९ मीटरच्या आसपास धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगात चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेते. डिस्कवर एक जाड जागा असेल तर सेकंदाला तितकेच धक्के बसतात, आणि पुढचे सस्पेन्शन व स्टिअरिंग यांची स्वतःची कंप पावण्याची गती अनेक गाड्यांत याच टापूत असते. त्यामुळे त्या वेगात लहानसा दोषही मोठा होऊन हातापर्यंत पोचतो. ताशी पन्नासला काही जाणवत नाही म्हणून डिस्क चांगली आहे, असा निष्कर्ष काढू नये. उलट बाजूही लक्षात ठेवावी: चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या कंट्रोल आर्मचे रबरी बुश सैल झाले असतील तर चालू शकेल इतक्या किरकोळ दोषाचीही मोठी थरथर होते. डिस्कची सर्व मापे मर्यादेत असूनही कंप येत असेल, तर पुढची डिस्क मागवण्याआधी ते बुश, टाय रॉडचे सांधे आणि बॉल जॉइंट तपासावेत.

‘वाकलेली’ डिस्क म्हणजे नेमके काय

डिस्क बहुधा करड्या ओतीव लोखंडाची असते आणि रोजच्या वापरातल्या उष्णतेने ती ताटलीसारखी वाकण्याचे प्रसंग कमी असतात. प्रत्यक्षात दोष असतो तो जाडीत: डिस्क एका ठिकाणी थोडी जाड आणि दुसऱ्या ठिकाणी थोडी पातळ झालेली असते. फरक किती असावा, तर ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटर इतका फरकही हाताला जाणवतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही पुष्कळ कमी. जाड भाग पॅडमध्ये शिरताना पॅड दाबणाऱ्या पिस्टनला मागे रेटतो, पातळ भाग येताना पिस्टन पुढे सरकतो, आणि ब्रेकची पकड प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होत राहते. पेडलमध्ये जाणवणारे स्पंदन तेच.

हा फरक तयार कसा होतो, यातच समस्या परत येण्याचे खरे उत्तर आहे. डिस्क हबवर काटकोनात न बसता किंचित तिरकी बसली, तर फिरताना तिची कड डावी-उजवी डगमगते. याला रनआउट म्हणतात. गंमत अशी की नुसत्या डगमगण्याने सुरुवातीला काहीच जाणवत नाही, कारण कॅलिपर आपल्या पिनांवर सरकू शकतो आणि डिस्कच्या मागोमाग हलतो. पण पाय ब्रेकवर नसताना, महामार्गावर सरळ जाताना, डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात बाहेरच्या पॅडला हलकेच घासून जातो आणि त्याच्या बरोबर समोरच्या अंगाचा भाग आतल्या पॅडला घासतो. एका फेऱ्यात होणारी झीज नगण्य असते. मात्र काही हजार किलोमीटरमध्ये लाखो फेरे होतात आणि त्या दोन जागा बाकीच्या डिस्कपेक्षा पातळ होतात. नवी डिस्क बसवल्यावर गाडी बरेच दिवस चांगली चालते आणि नंतर थरथरू लागते, ती यामुळेच. डिस्क पहिल्याच दिवशी तिरकी बसलेली असते. तिचा परिणाम फक्त उशिरा दिसतो. अशा वेळी ‘डिस्क निकृष्ट निघाली’ असा दोष सुट्या भागावर ठेवणे सोपे असते, पण माझ्या मते तो बऱ्याचदा अन्याय असतो.

जाडी असमान होण्याचा आणखी एक मार्ग आहे. डिस्क खूप तापलेली असताना गाडी पूर्ण थांबवून ब्रेक तसाच दाबून धरला, तर पॅडखालच्या भागावर पॅडचा पदार्थ चिकटून त्याचा ठसा उमटतो. हा थर डिस्कवर समान पसरलेला असला तर तो उपयोगीच असतो, कारण चांगल्या पकडीसाठी तो लागतो. ठिगळांसारखा बसला तर मात्र थरथर येते. त्या ठिगळांखालचे लोखंड इतरांहून जास्त तापत राहते, आणि तापमान ६५०-७०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले तर लोखंडाची आतली रचना बदलून तेथे सिमेंटाइट नावाचे कठीण संयुग तयार होते. हे कठीण ठिपके बाकीच्या डिस्कच्या मानाने सावकाश झिजतात, त्यामुळे वर उठून दिसू लागतात आणि आणखी तापतात. निळसर-काळे डाग दिसणारी डिस्क लेथवर घासून आणली तरी ठिपक्यांची मुळे आत राहतात, म्हणून ती काही काळाने पुन्हा थरथरते. अशी डिस्क घासण्यापेक्षा बदललेली बरी.

मोजणी

डिस्कची जाडी मोजण्यासाठी मायक्रोमीटर वापरावा. साध्या व्हर्नियरने मोजताना मोठी चूक होते, कारण पॅड जिथपर्यंत पोचत नाहीत ती डिस्कची बाहेरची कड न झिजता उभी राहते आणि व्हर्नियरचे जबडे त्या उंच कडेवर टेकतात. डिस्क मर्यादेखाली गेलेली असताना माप मात्र नव्यासारखे दिसते. मायक्रोमीटर हाताशी नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना, कडेच्या आत, सारख्या जाडीचे दोन सपाट धातूचे तुकडे किंवा दोन सारखी नाणी ठेवून त्यांवरून व्हर्नियर लावावा आणि दोन्ही तुकड्यांची जाडी वजा करावी. झीज किती झाली याचा अंदाज यातून चांगला मिळतो. जाडीतला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका फरक शोधायला मात्र मायक्रोमीटरला पर्याय नाही.

मोजणी बाहेरच्या कडेपासून साधारण १० ते १५ मिमी आत, एकाच वर्तुळावर, सारख्या अंतराने निदान आठ ठिकाणी करावी आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापातला फरक काढावा. हा फरक ०.०१५ मिमीपर्यंत असेल तर सहसा चालतो. तो ०.०२ मिमीच्या पुढे गेला की थरथरीचे कारण सापडले असे मानायला हरकत नाही. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि तीच अंतिम समजावी.

यानंतर डगमग मोजावी. चाक काढल्यावर डिस्क हबवर सैल राहते, म्हणून चाकाचे नट वॉशर लावून ठरलेल्या जोराने आवळावेत, मगच डायल गेजचे (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचे) टोक डिस्कवर कडेपासून सुमारे १० मिमी आत टेकवून डिस्क हाताने एक पूर्ण फेरा सावकाश फिरवावी. बऱ्याच गाड्यांत ०.०५ ते ०.१० मिमीपर्यंतची डगमग मान्य असते. ती जास्त आढळली तर डिस्क उतरवून गेजचे टोक थेट हबच्या बैठकीवर लावावे. हबचीच डगमग ०.०३-०.०४ मिमीच्या वर असेल तर दोष हबमध्ये, बेअरिंगमध्ये किंवा बैठकीवरच्या गंजात आहे, आणि तो काढल्याशिवाय नवी डिस्क बसवण्यात काही अर्थ नाही. त्याआधी चाक वर-खाली धरून हलवून बेअरिंगमध्ये खेळ नाही ना, हे पाहावे. बेअरिंग सैल असेल तर डायल गेजच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

गंजाचा एवढा परिणाम का होतो, याचा हिशेब सोपा आहे. हबच्या बैठकीचा व्यास १४० मिमी आहे आणि तिच्या एका कडेला ०.०५ मिमी जाडीची गंजाची पापडी राहिली आहे, असे समजू. डिस्कवर २६० मिमी व्यासाच्या वर्तुळावर मोजले तर त्याच पापडीमुळे जवळजवळ ०.०९ मिमी डगमग येते, कारण केंद्रापासून दूर जावे तसा तिरकेपणा वाढत जातो. नखाने खरवडला तरी निघेल असा हा गंज असतो आणि तो एकट्याने संपूर्ण मर्यादा खाऊन टाकतो.

तपासणीत डिस्कची आतली बाजू अवश्य पाहावी. चाकाच्या आऱ्यांतून दिसते ती फक्त बाहेरची बाजू, आणि ती स्वच्छ असली तरी आतली खोल चऱ्यांनी भरलेली किंवा अर्धी गंजलेली असू शकते. एकाच बाजूला पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये आतला पॅड पिस्टन थेट दाबतो आणि बाहेरचा पॅड कॅलिपर सरकल्यावर ओढला जातो. सरकणे अडले की सगळा भार आत पडतो. केवळ बाहेरून टॉर्च मारून ‘डिस्क ठीक आहे’ असे सांगितले गेले असेल, तर तपासणी अर्धीच झाली आहे.

डिस्क केव्हा बदलावी

प्रत्येक डिस्कला किमान जाडीची मर्यादा असते आणि ती बहुधा डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेवर कोरलेली असते. एखाद्या डिस्कवर ‘मिन’ या खुणेपुढे २० असा आकडा असेल, तर २० मिमीच्या खाली ती वापरता येत नाही. नवी डिस्क २२ मिमी असेल तर झिजायला एकूण २ मिमी मिळतात, म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त १ मिमी. कित्येकांना हा फरक क्षुल्लक वाटतो, म्हणून त्यामागचे कारण स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

ब्रेक हे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन आहे. १,४०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबते तेव्हा सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा निर्माण होते. त्यातला साधारण ७० टक्के वाटा पुढच्या ब्रेकवर आला आणि पुढच्या प्रत्येक डिस्कचे वजन ६ किलो धरले, तर एका थांबण्यात त्या डिस्कचे सरासरी तापमान सुमारे ७० अंशांनी वाढते. घाट उतरताना हिशेब आणखी कठोर होतो: इंजिनाच्या ब्रेकिंगची मदत न घेता हीच गाडी ५०० मीटर उंचीवरून केवळ ब्रेकवर उतरवली, तर शंभराच्या वेगातून लागोपाठ बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी उष्णता ब्रेकमध्ये जाते. व्हेंटिलेटेड डिस्कच्या २२ मिमी जाडीत मधली हवेची पोकळी ८ मिमी धरली, तर प्रत्यक्ष लोखंड १४ मिमीच असते. त्यातले २ मिमी गेले म्हणजे उष्णता साठवणाऱ्या लोखंडाचा सातवा हिस्सा गेला. पातळ डिस्क लवकर आणि जास्त तापते, तिला तडे जाण्याचा संभव वाढतो, आणि पॅडही झिजलेले असतील तर पिस्टन त्याच्या नळीतून नको इतका बाहेर येतो. म्हणूनच ही मर्यादा ओलांडू नये. ‘अजून थोडी चालेल’ हा सल्ला कोणाकडूनही आला तरी मानू नये.

डिस्क आज मर्यादेच्या वर आहे एवढ्यावर निर्णय होत नाही. पॅडचा पुढचा संच संपेपर्यंत ती वर राहील का, हे पाहावे लागते. समजा, ४५,००० किलोमीटरला पॅड संपले आणि वर सांगितलेल्या २२ मिमीच्या डिस्कची जाडी २०.९ मिमी भरली. पहिल्या पॅडने १.१ मिमी झिजवले, म्हणजे पुढचे पॅड संपण्याआधीच ती २० मिमीखाली जाणार. तेव्हा पॅडबरोबर डिस्कही बदलावी. तीच जाडी २१.३ मिमी असती तर पुढच्या संचाअखेरीस ती २०.६ च्या आसपास राहिली असती, आणि चांगली डिस्क उगाच काढून टाकण्याचे कारण नव्हते. प्रत्येक पॅड बदलाच्या वेळी किलोमीटर, चाकाची जागा आणि जाडी यांची नोंद ठेवली, तर हा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर जाडी मोजत बसू नये. डिस्कच्या कडेपर्यंत पोचलेला, आरपार गेलेला किंवा मधल्या टोपीच्या मुळाशी असलेला तडा दिसला की गाडी तशीच चालवू नये. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक रेषा उष्णतेने येतात. त्या लांब होऊन एकमेकींना मिळू लागल्या किंवा नखाला अडकू लागल्या तर डिस्क बदलावी. हवेच्या पोकळीतले पडदे गंजून फुगले असतील तरीही तेच करावे. गोलाकार हलके चरे मात्र नेहमीचेच असतात. ते खोल असतील, विशेषतः पॅड संपून त्याची लोखंडी पाटी डिस्कवर घासली असेल, तर चऱ्याच्या तळाशी जाडी मोजावी. वरच्या कंगोऱ्यावरचे माप फसवते. बाहेरची उभी कड हे स्वतः बदलण्याचे कारण नाही, पण नवा पॅड तिच्यावर चढून आवाज करू शकतो.

लेथवर डिस्क घासून घेण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. घासल्यावरही जाडी किमान मर्यादेच्या पुरेशी वर राहणार असेल आणि डाग, तडे नसतील तरच तो मार्ग धरावा. शिवाय डिस्क गाडीवरून काढून लेथवर घासली तर ती लेथच्या आसाशी काटकोनात येते, गाडीच्या हबशी नव्हे. हब तिरका असेल तर घासलेली डिस्क परत बसवल्याबरोबर डगमगू लागते. गाडीवरच बसवून चालवता येणारे लेथ यंत्र उपलब्ध असेल तर ते अधिक उपयोगी, कारण त्यात डिस्क आपल्याच हबवर फिरत असताना घासली जाते. डिस्क घासायची असो वा बदलायची, एका अक्षाच्या दोन्ही बाजू एकदमच कराव्यात. एकाच बाजूला नवा पृष्ठभाग असला तर गाडी ब्रेक दाबताना ओढू शकते.

नवी डिस्क बसवताना

माझ्या दृष्टीने संपूर्ण दुरुस्तीतले सर्वांत मोलाचे काम हबच्या बैठकीची सफाई हे आहे, आणि घाईत तेच राहून जाते. वायर ब्रशने किंवा घासण्याच्या चकतीने गंज काढताना प्रत्येक बोल्टच्या भोवतालची जागाही साफ करावी, कारण डिस्क तेथेच आवळली जाते. मधल्या गोल उंचवट्याची कड आणि रिमची आतली बैठकही स्वच्छ करावी. लोखंड खरवडून जाईल इतके घासू नये. पापडी निघून सपाट धातू दिसला की पुरे. सफाईनंतर बैठकीवर ग्रीसचा जाड थर देण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती टाळावी. नवी डिस्क गंजू नये म्हणून तेलाचा थर लावून येते. तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसून काढावा. मात्र विशेष लेप असलेल्या काही डिस्कना पुसण्याची गरज नसते, तेव्हा खोक्यावरची सूचना वाचावी. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती श्वासातून फुप्फुसात जाते. ओलसर कापडाने किंवा क्लीनरने काढावी.

डिस्क बसवल्यावर डायल गेजने डगमग पुन्हा मोजावी. ती मर्यादेच्या जवळ असेल तर डिस्क उतरवून एका बोल्टाइतकी फिरवून परत बसवावी आणि पुन्हा मोजावी. हब आणि डिस्क या दोघांच्या लहान त्रुटी कधी एकमेकींत मिळतात, कधी एकमेकींना खोडून काढतात. चार बोल्टच्या हबवर चार जागा तपासून सर्वांत कमी डगमगीची जागा निवडता येते. याला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात, आणि वारंवार परत येणारी थरथर थांबवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. डिस्कला जागेवर धरणारा छोटा स्क्रू असेल तर त्यामुळे जागा एकच मिळते; मग हबची सफाई अधिकच काटेकोर हवी.

चाकाचे नट हवेच्या गनने सरसकट आवळणे हे या समस्येचे दुसरे मोठे मूळ आहे. एक नट खूप घट्ट आणि शेजारचा कमी घट्ट असेल तर डिस्कची टोपी त्या बाजूला ताणली जाते आणि डगमग निर्माण होते. चाक हवेत असताना नट हाताने, समोरासमोरच्या क्रमाने बसवावेत, मग गाडी खाली उतरवून टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) दोन टप्प्यांत ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत. अनेक छोट्या-मध्यम गाड्यांत हा आकडा ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तरी आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच पाहावा. मॅन्युअल सांगत नसेल तर आट्यांना तेल-ग्रीस लावू नये, कारण त्यामुळे तेवढ्याच टॉर्कला नट अधिक ताणला जातो. पंक्चर काढल्यावर किंवा टायर बदलल्यावर हीच काळजी पुन्हा घ्यावी लागते. टायरचे काम झाल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी थरथर सुरू झाली, ही तक्रार मुळीच दुर्मिळ नाही.

नव्या डिस्कवर नवेच पॅड घालावेत. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चरे उमटलेले असतात आणि नव्या सपाट डिस्कला ते काही भागांतच टेकतात. पिस्टन मागे दाबताना टाकीतले ब्रेक ऑइल वर येते, ते सांडू देऊ नये, कारण त्याने रंग खराब होतो. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असेल तर काही ठिकाणी पिस्टन फिरवूनच आत जातो, आणि विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो. सर्व बसवून झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहावे. ही गोष्ट विसरली तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

त्यानंतर पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. रहदारी नसलेल्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून १५-२० पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवावा, अर्धा मिनिट गाडी चालवून थोडे थंड होऊ द्यावे, आणि असे आठ-दहा वेळा करावे. या वेळी गाडी पूर्ण थांबवून ब्रेक दाबून ठेवू नये, अन्यथा वर सांगितलेला ठसा पहिल्याच दिवशी उमटतो. नंतर काही किलोमीटर ब्रेक शक्यतो न वापरता चालवावे. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये आणीबाणी सोडून जोराचे ब्रेक टाळावेत. पॅड बनवणाऱ्याने वेगळी पद्धत सांगितली असेल तर ती पाळावी.

एकाच बाजूची डिस्क वारंवार झिजत असेल तर

थरथरीखेरीज दुसरी परत येणारी तक्रार अशी की एका चाकाची डिस्क आणि पॅड दुसऱ्याच्या आधी संपतात, किंवा एकाच कॅलिपरमधला एक पॅड पूर्ण झिजतो आणि दुसरा जवळजवळ नवा राहतो. इथे डिस्क निर्दोष असते. कॅलिपर तिला सोडत नसतो. थोडी गाडी चालवून, ब्रेक कमी वापरून थांबावे आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने डाव्या-उजव्या डिस्कचे तापमान घ्यावे. चकचकीत धातूवर हे यंत्र खरे तापमान कमी दाखवते, म्हणून आकड्यावर न जाता दोन्ही बाजूंची तुलना करावी. एक बाजू ठळकपणे जास्त तापत असेल तर तेथे ब्रेक अडकून घासत आहे.

चाक उचलून हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल तर कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑइल व हवा बाहेर सोडण्याची छोटी तोटी) थोडा सैल करून पाहावा. त्याबरोबर चाक मोकळे झाले, तर ऑइलचा दाब मागे परतत नाही: ब्रेकचा रबरी होज आतून फुगून वाट अडवतो आहे, किंवा पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या टोकाशी पेडलचा मोकळा खेळच उरलेला नाही. निपल सैल करूनही चाक जडच राहिले, तर पिस्टन गंजला आहे किंवा सरकत्या पिना सुकल्या आहेत. पिना बाहेर काढून साफ कराव्यात, त्यांच्यासाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावावे आणि रबरी टोप्या फाटल्या असतील तर त्या बदलाव्यात. साध्या पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. पॅडची दोन्ही टोके ज्या खाचेत सरकतात तेथील गंजही काढावा. ही कामे झाल्यावर निपल सैल केलेल्या चाकाच्या ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा काढून टाकणे आवश्यक आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी प्रमाणित किमान १५५ अंश आहे. सतत घासणाऱ्या, तापलेल्या ब्रेकमध्ये हा फरक जीवघेणा ठरू शकतो, शिवाय तोच ओलावा पिस्टन आतून गंजवतो. म्हणून ऑइल ठरलेल्या मुदतीत, बहुतेक गाड्यांत दर दोन वर्षांनी, बदलावे.

न वापरल्याने खराब होणारी डिस्क

मागच्या डिस्कवर भार कमी पडतो, त्यामुळे हलक्या हाताने चालवलेल्या गाडीत त्या झिजण्याऐवजी गंजतात. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांत हे अधिक होते, कारण वेग उतरवण्याचे बरेच काम मोटर करते आणि पॅड डिस्कला क्वचितच जोराने टेकतात. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवरचा तांबूस गंज चार-दोन वेळा ब्रेक दाबल्यावर निघून जातो, त्याची चिंता नको. पण चकाकणारा पट्टा अरुंद होत चालला असेल, त्याच्या दोन्ही अंगांना खडबडीत गंज राहत असेल किंवा खड्डे पडले असतील, तर पॅड अर्ध्याच पृष्ठभागावर काम करतो आहे आणि जाडी भरपूर असली तरी डिस्क बदलण्याजोगी झाली आहे. अशा गाडीत आठवड्यातून एकदा, मागे कोणी नसल्याची खात्री करून, चांगल्या वेगातून काही वेळा जरा जोराने ब्रेक दाबावेत. मोटरने वेग उतरवण्याची सोय त्या वेळेपुरती कमी करता येत असेल तर ती कमी करावी, म्हणजे पॅड डिस्कवर खरोखर टेकतात आणि गंज घासला जातो. गाडी बरेच आठवडे उभी ठेवायची असेल तर धुतल्यावर लगेच बंद करू नये. थोडी चालवून डिस्क कोरड्या कराव्यात, आणि जागा सपाट असेल तर चाकांना अडथळे लावून, गिअर किंवा पार्किंगमध्ये ठेवून, हँडब्रेक सोडलेला राहू द्यावा, म्हणजे पॅड डिस्कला चिकटत नाहीत आणि एकाच जागी गंजाचा ठसा राहत नाही.